तुलना कशाशी?

वर्तमानपत्रात अधूनमधून मेंदूचं एक चित्र येतं. करड्या रंगाचा मेंदू, त्यावर एखादा लाल-पिवळा डाग आणि खाली मजकूर: प्रेमात पडलेल्या माणसाच्या मेंदूचा हा भाग उजळतो. ते चित्र पाहिलं की माझ्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो म्हणजे, तुलना कशाशी? माझे मार्गदर्शक कुठल्याही विद्यार्थ्याचं सादरीकरण याच प्रश्नाने अडवायचे. विद्यार्थी उत्साहाने पडद्यावरचा डाग दाखवत असायचा आणि सर मागच्या रांगेतून शांतपणे विचारायचे, "कशाच्या तुलनेत?" पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात मी मेंदूची रचना शिकले, चुंबकाचं भौतिकशास्त्र शिकले, प्रोग्रॅम लिहायला शिकले. पण हे सगळं ज्याच्यासाठी शिकायचं, तो प्रश्न हा एवढाच होता. तो प्रयोगशाळेच्या बाहेरही विचारला जावा असं मला फार वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्यात मानसशास्त्र घेऊन पदवी केली आणि हरियाणात मानेसरला गेले. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत, अरवलीच्या टेकड्यांच्या कुशीत राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ही संस्था. २००३ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. तिथल्या एकात्मिक पीएच.डी. अभ्यासक्रमात आधी एम.एस्सी.चा टप्पा असतो आणि मग संशोधन. वर्गात कोणी इंजिनिअर, कोणी प्राणिशास्त्राची, कोणी फिजिओथेरपी करून आलेला. या विषयाला एका शाखेचं शहाणपण पुरत नाही, त्यामुळे प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या तासाला अडाणी असायचा. मला गणिताने घाम फोडला. एमआरआय यंत्र जे मोजतं ते चित्र नसतंच. ती लहरींची माहिती असते आणि फूरियेच्या गणिताने तिच्यातून चित्र काढावं लागतं, हे समजून घेण्यासाठी मी बारावीची गणिताची पुस्तकं घरून मागवून घेतली. ते कष्ट मला मनापासून आवडले, कारण त्यामुळे यंत्राबद्दलची भीतीयुक्त भक्ती गेली आणि तिच्या जागी समज आली.

ते यंत्र समजून घेण्यासारखंच आहे. आमचा स्कॅनर तीन टेस्लाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साधारण साठ हजार पट ताकदीचा. शरीरातल्या पाण्यात हायड्रोजन असतो आणि त्याचे अणुगर्भ या क्षेत्रात विशिष्ट वारंवारतेला प्रतिसाद देतात. तीन टेस्लाला ती वारंवारता १२८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. आपलं एफएम रेडिओचं केंद्र लागतं ते १०८ पर्यंत. म्हणजे त्याच्या किंचित पुढे. त्या लहरींचा मारा करायचा आणि अणुगर्भांकडून परत येणारा क्षीण संदेश टिपायचा. क्ष-किरण नाहीत, इंजेक्शन नाही. त्यामुळे निरोगी माणसाला पुन्हा पुन्हा आत घालता येतं आणि त्याला कामं देऊन मेंदू अभ्यासता येतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थिनीला याहून मोठी भेट कोणती असणार?

पण या भेटीला एक अट आहे. काम करत असलेल्या मेंदूचा असा एमआरआय, म्हणजे एफएमआरआय, चेतापेशींचं काम थेट मोजत नाही. एखाद्या भागातल्या पेशी कामाला लागल्या की तिकडे ताजं रक्त वाढतं. ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असतात. हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ सालीच दाखवलं होतं. त्या फरकाचा उपयोग मेंदूचं काम पाहण्यासाठी होईल हे बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांच्या लक्षात आलं, ते १९९० साली उंदरांवर काम करताना. दोन वर्षांत अमेरिकेतल्या एकाहून अधिक गटांनी ते माणसांत करून दाखवलं. रक्ताची ही लाट मात्र सावकाश येते. शब्द दिसतो, मेंदू तो अर्ध्या सेकंदाच्या आत वाचून मोकळाही होतो, आणि रक्ताचा चढ त्यानंतर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. शिवाय तो चढ केवढासा? मूळ संदेशाच्या एक ते तीन टक्के. डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तर त्याहून मोठा फरक पडतो.

आणि मेंदू कधी स्वस्थ नसतो. माणूस नुसता पडून राहिला तरी त्याच्या मेंदूत सगळीकडे रक्त आहे, सगळीकडे काम चालू आहे. मग वाचनाचा भाग कोणता, हे ओळखायचं कसं? तान्ह्या बाळाचं वजन मोठ्या काट्यावर कसं करतात ते आठवा. आई बाळाला घेऊन उभी राहते, मग एकटी उभी राहते, आणि वजाबाकी करतात. एफएमआरआयचं प्रत्येक रंगीत चित्र ही अशी वजाबाकी आहे. डच डॉक्टर फ्रान्सिस डोंडर्स यांनी १८६८ साली माणसाच्या प्रतिसादाच्या वेळा मोजताना हीच युक्ती वापरली होती. तिचा कच्चा दुवाही तेवढाच जुना आहे. दुसऱ्या वेळी आईच्या हातात पिशवी असेल तर उत्तर चुकणार. मेंदूच्या बाबतीत ती पिशवी दिसत नाही, ती शोधावी लागते. लाल डाग म्हणजे दोन स्थितींमधला फरक. दुसरी स्थिती कोणती होती हे सांगितल्याशिवाय डागाला अर्थच नाही.

माझा प्रबंधाचा विषय देवनागरी वाचनाचा होता. याच केंद्रात नंदिनी चटर्जी सिंह यांच्या गटाने देवनागरी वाचताना मेंदूत काय घडतं यावर काम केलं होतं. त्यांचा लेख २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये आला. डाव्या बाजूच्या नेहमीच्या भाषाकेंद्रांखेरीज जागेचं भान ठेवणारे भागही देवनागरी वाचताना कामाला लागतात, असं त्यात दिसलं होतं. आपली लिपी पाहिली तर हे पटण्यासारखं आहे. रोमन अक्षरं एका रांगेत चालतात. आपल्याकडे उकार खाली, मात्रा वर, काना उजवीकडे, आणि पहिली वेलांटी तर व्यंजनाच्या डावीकडे, जरी तिचा उच्चार नंतर होत असला तरी. या वेलांटीवर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ साली संशोधन प्रसिद्ध केलं होतं: जिथे लिहिण्याचा आणि उच्चाराचा क्रम जुळत नाही असे शब्द वाचायला वेळ जास्त लागतो. लहानपणी बालवाडीत 'कि' गिरवताना आपण आधी क काढून मग मागे येऊन वेलांटी देतो, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते मेंदूत कसं दिसेल, हा माझा प्रश्न.

प्रश्न सुंदर होता. आता वजाबाकी कशातून करायची? इथे माझे कित्येक महिने गेले आणि ते सगळ्यात शिकवणारे महिने होते. शब्द दाखवताना एक चित्र घ्यायचं आणि नुसती अधिक चिन्हाची फुली दाखवताना दुसरं, ही सोपी वाट. तसं केलं तर मेंदूचा मोठा भाग रंगतो आणि चित्र देखणं येतं. पण त्या फरकात सगळंच आहे: कागदावर शाई किती, डोळे किती हलले, मनातल्या मनात उच्चार झाला, अर्थ लागला, एखाद्या शब्दाने आठवण जागी केली. बरं, मग शब्दांचे तुकडे करून तेच तुकडे विस्कटून दाखवले तर? शाई तेवढीच राहते, पण शिरोरेषा तुटते; आणि देवनागरी वाचणाऱ्याच्या डोळ्याला शिरोरेषा दिसली नाही की हे अक्षर नाहीच, हे तत्काळ कळतं. शिरोरेषा राखून खोटी अक्षरं काढली तर वाचक त्यांत ओळखीची अक्षरं शोधत बसतात. एकीने मला विचारलं, ही मोडी लिपी आहे का. खरी अक्षरं घेऊन निरर्थक शब्द बनवले तर उच्चार दोन्हीकडे होतो, तो वजा होऊन जातो, आणि उरतो तो बहुधा अर्थ. प्रत्येक तुलनेला वेगळं चित्र. सगळी चित्रं खरी आणि एकही चित्र 'वाचनाचं केंद्र' दाखवत नव्हतं.

सर म्हणायचे, चित्र नंतर काढ, आधी वजाबाकी कागदावर लिही आणि काय उरेल ते सांग. जे सांगता येत नाही ते स्कॅनरमध्ये घालू नकोस. तासाचे हजारो रुपये आणि एका माणसाचा विश्वास खर्च होतो.

त्या माणसांबद्दल लिहिलं पाहिजे. आमच्या शास्त्रात त्यांना सहभागी म्हणतात. केंद्रातले विद्यार्थी, गुरगावच्या कंपन्यांतली मुलंमुली, आसपासच्या गावांतले लोक. नैतिकता समितीने मंजूर केलेलं संमतिपत्र हिंदीत वाचून दाखवायचं, काय होणार ते सांगायचं, मधेच उठून जायचा हक्क आहे हे दोनदा सांगायचं. आणि मग धातू. साठ हजार पट चुंबकाच्या खोलीत लोखंडाची वस्तू गेली तर ती गोळीसारखी सुटते. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला, ती बातमी आमच्या दारावर लावलेली असायची. त्यामुळे तपासणी कडक. घड्याळ, पट्टा, चाव्या, केसांच्या पिना हे ठरलेलं; पण आपल्याकडे मंगळसूत्र, जोडवी, चमकी, हातातलं कडं, कमरेचा करगोटा, दंडातला ताईत हेही असतं. नव्याने लग्न झालेल्या मुलीला मंगळसूत्र काढायला सांगणं किंवा एखाद्या शीख मुलाला कडं काढायला सांगणं हे काम परदेशी पुस्तकातल्या यादीत नसतं. मी शिकले ते असं की कारण आधी सांगायचं, वस्तू त्यांच्याच हातांनी काढू द्यायची, त्यांच्यासमोर कुलपात ठेवायची आणि ज्याला काढायची नाही त्याला आभार मानून, जेवायला घालून परत पाठवायचं. त्याचा नकार हा माझ्या माहितीइतकाच मोलाचा.

ईईजीची कथा आणखी वेगळी. मेंदूच्या विद्युतलहरी टोपीतल्या इलेक्ट्रोडने टिपायच्या असतील तर डोक्याची त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला रोध खाली आणावा लागतो. आपल्याकडे डोक्याला तेल असतं. खोबरेल, मोहरीचं, बदामाचं. जाड वेणी असते. टोपी बसत नाही, जेल त्वचेपर्यंत पोचत नाही, आणि एकेक केस बाजूला सारत तासभर जातो. तेल लावलेली माणसं वगळली तर काम सोपं होतं. पण मग वगळलं कोणाला? घरातल्या मोठ्यांना, गावातल्या बायकांना. उरतात शांपू केलेले, आखूड केसांचे, इंग्रजी शाळेतले तरुण, आणि त्यांच्या सरासरीला आपण मानवी मेंदू म्हणतो. मी बेसिनजवळ गरम पाणी, साधा शांपू आणि केस वाळवायचं यंत्र ठेवायला सुरुवात केली. वेळ दुप्पट लागायचा. ते मला योग्यच वाटतं.

डावखुऱ्यांचंही तसंच. भाषेच्या बहुतेक प्रयोगांत फक्त उजव्या हाताची माणसं घेतात, कारण त्यांच्यात भाषा जवळजवळ नेहमी डाव्या गोलार्धात असते आणि डावखुऱ्यांमध्ये थोडी जास्त विविधता सापडते. कोण उजवा हे ठरवायला ओल्डफिल्ड यांची १९७१ सालची एडिनबरा प्रश्नावली वापरतात. त्यात विचारतात: लिहिता कोणत्या हाताने, चमचा कोणत्या हाताने धरता, झाडू धरताना वरचा हात कोणता. आपण जेवतो हाताने, आणि तो हात उजवाच असला पाहिजे हे घरात वर्षा-दोन वर्षांच्या वयापासून शिकवलेलं असतं. आपला केरसुणीचा झाडू एका हातात मावतो, त्याला वरचा-खालचा हात नाही. कितीतरी माणसं मुळात डावखुरी. शाळेत डाव्या हातावर पट्टी बसली म्हणून उजव्याने लिहू लागलेली. प्रश्नावली त्यांना उजवं ठरवते. मी त्यांना साधं विचारायचे: चेंडू कोणत्या हाताने फेकता, अंधारात कडी चाचपडताना कोणता हात पुढे जातो, लहानपणी कोणी हात बदलायला लावला का? या शेवटच्या प्रश्नावर मोठी माणसं क्षणभर थांबायची आणि मग बराच वेळ बोलायची.

मेंदूंची मोजमापंही दुसऱ्यांची वापरतो. प्रत्येकाचा मेंदू आकाराने वेगळा, म्हणून सगळे एका नमुन्यावर ताणून-आवळून बसवतात. फार वर्षं हा नमुना तालेराक यांच्या १९८८ च्या नकाशाचा होता. तो साठीच्या एका फ्रेंच स्त्रीच्या मेंदूवरून काढलेला. नंतर मॉन्ट्रियलच्या संस्थेने अनेक तरुणांच्या स्कॅनवरून सरासरी नमुना केला, तो आज जगभर चालतो. हैदराबादच्या आयआयआयटीच्या गटाने शंभर भारतीयांवरून नमुना तयार केला तो २०१९ साली, त्या पाठोपाठ बंगळूरच्या निम्हान्समधूनही वेगवेगळ्या वयांच्या भारतीयांचे नमुने आले. हे काम बातम्यांत कमी येतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांत आपल्याकडे झालेल्या सगळ्यात उपयोगी कामांपैकी ते आहे.

लोकांच्या बाबतीतला माझा आदर्श मात्र लखनौजवळच्या एका अभ्यासाचा. हैदराबाद विद्यापीठातले रमेश मिश्रा, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थांतले संशोधक आणि लखनौचे सहकारी यांनी खेड्यातल्या निरक्षर प्रौढांना, बहुतांशी तिशीतल्या बायकांना, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांचे स्कॅन घेतले. २०१७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. बदल मेंदूच्या फक्त वरच्या थरात दिसला नाही; दृष्टीशी निगडित अशा खोलवरच्या, उत्क्रांतीत जुन्या भागांशी असलेला संपर्कही वाढलेला दिसला. इथे तुलना कशाशी? त्याच माणसांशी, शिकण्याआधीच्या. आणि ज्यांनी शिक्षण घेतलं नाही अशा त्यांच्याच गावच्या लोकांशी. हे वाचताना मी दोनदा थांबले होते. प्रयोग संपला तेव्हा सहभागी लोकांकडे वाचता येणारी लिपी उरली. माझ्या प्रयोगात सहभागी होणाऱ्याला मी काय देते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला तो आजवर.

मी देत होते ते त्यांच्याच मेंदूचं एक करडं चित्र, एक मिलिमीटरच्या बारकाव्याचं. लोक ते फार प्रेमाने नेतात. आणि नेताना विचारतात, "मॅडम, डोक्यात काही निघालं तर नाही ना?" संमतिपत्रात लिहिलेलं असतं की ही वैद्यकीय तपासणी नव्हे. तरी डोक्याचा एमआरआय म्हणजे डॉक्टरी तपासणी, हे माणसाच्या मनात पक्कं असतं, आणि त्याला दोष देता येत नाही. कधीतरी खरंच काही दिसतं. निरोगी म्हणून आलेल्या माणसाच्या चित्रात जिथे असू नये तिथे पांढरट सावली. मी रेडिओलॉजिस्ट नाही, माझ्या म्हणण्याला अर्थ नाही, आणि काचेपलीकडून तो माणूस बाहेर येताना माझ्या चेहऱ्याकडे पाहणार आहे. आम्हाला शिकवलेलं होतं की त्या क्षणी काहीही बोलायचं नाही, ठरलेल्या वाटेने चित्र तज्ज्ञाकडे पाठवायचं आणि तज्ज्ञांनी सांगितलं तर त्यांच्यासोबत बसून सांगायचं. एकदा अशीच एक सावली होती. ती निरुपद्रवी गाठ निघाली, असं तज्ज्ञांनी कळवलं. कळवेपर्यंतच्या दिवसांत मी त्या तरुणाला मेसच्या दारात पाहिलं की वाट बदलायचे. संशोधनाच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या दिवसांनी मला नैतिकता जास्त शिकवली. संमतिपत्रातलं अनपेक्षित निष्कर्षांबद्दलचं कलम तेव्हापासून मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवते आणि समजलं का, ते उलट विचारून घेते.

आकडेमोडीबद्दल थोडक्यात, पण ते टाळता येणार नाही. मेंदूचे लहान घन तुकडे करतात, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. बारीक तुकड्यांनी मोजलं तर संख्या लाखाच्या घरात जाते. प्रत्येक तुकड्यावर वेगळी संख्याशास्त्रीय चाचणी. नेहमीची पाच टक्के चुकीची मुभा ठेवली तर एक लाख तुकड्यांत केवळ योगायोगाने पाच हजार 'उजळतील'. २००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि इतक्या चाचण्यांतल्या योगायोगासाठी लागणारी दुरुस्ती न करता गणित केल्यावर माशाच्या मेंदूत प्रतिसाद 'सापडला'. दुरुस्ती केली की तो गेला. २०१६ मध्ये एकलुंड, निकोल्स आणि क्नुटसन यांनी दाखवलं की नेहमीच्या वापरातल्या काही पद्धतींत चुकीच्या निष्कर्षांचं प्रमाण सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांच्या सत्तर गटांना एकच माहिती आणि तेच नऊ प्रश्न दिले होते. उत्तरांत लक्षणीय फरक निघाले. हे वाचून माझे काही मित्र निराश झाले आणि त्यांनी विषय सोडला. माझा विश्वास उलट वाढला. हे दोष बाहेरच्या कोणी शोधले नाहीत. या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःच्या घरात शोधले आणि जाहीर छापले. आता आम्ही प्रयोगाआधीच विश्लेषणाची योजना नोंदवून ठेवतो, माहिती आणि प्रोग्रॅम खुले करतो.

प्रयोगशाळेत एवढी सावधगिरी बाळगून आपण बाहेर येतो तेव्हा काय दिसतं? २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्याचा निकाल लागला. त्यात संशयितेच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून केलेल्या चाचणीचा पुराव्यादाखल आधार घेतला होता. चाचणीचा दावा असा की, गुन्ह्याचं वर्णन ऐकवल्यावर मेंदूच्या लहरींवरून ओळखता येतं, ही गोष्ट त्या माणसाने प्रत्यक्ष अनुभवली आहे की नुसती ऐकली आहे. त्या बातमीची जगभर चर्चा झाली. मी हा खटला अभ्यासला तो एम.एस्सी.च्या परिसंवादासाठी. माझा तिथेही तोच प्रश्न होता. ज्याने महिनाभर पोलिसांकडून, वकिलांकडून, वर्तमानपत्रांतून तीच कथा ऐकली आहे त्याच्या लहरी आणि जो तिथे होता त्याच्या लहरी, यांची तुलना किती माणसांवर, कोणत्या परिस्थितीत केली? स्वतंत्र शास्त्रज्ञांनी ती पडताळली का? त्यावर समाधानकारक पुरावा नसताना एखाद्याच्या आयुष्याचा निर्णय या आलेखावर टेकवणं मला अन्याय वाटतो. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की, नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची अशी चाचणी कोणावरही सक्तीने करता येणार नाही. त्या निकालाबद्दल मेंदूच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कृतज्ञ असावं.

दुसरा प्रकार घराजवळचा. महाराष्ट्रातल्या शहरांत 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग चालतात. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल रंग ओळखतं असं दाखवतात, आणि जाहिरातीत हेच रंगीत मेंदूचं चित्र असतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्यावर सातत्याने बोलत आले आहेत. मध्यमेंदू हा बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा नसलेला भाग आहे, डोळ्यांची हालचाल आणि आवाजाकडे वळणं यांसारखी कामं तो जन्मापासून करतो. त्याला कोणाला चालू करावं लागत नाही. माझ्या आत्याने एका वर्गाचं पत्रक मला पाठवलं होतं, नातवाला घालू का म्हणून. मी तिला शास्त्र सांगत बसले नाही. म्हटलं, आत्या, त्यांना विचार की वर्ग केलेली आणि न केलेली मुलं शेजारी बसवून, पट्टी दुसऱ्या कोणीतरी बांधून, कधी तपासलंय का? तिने विचारलं. उत्तर मिळालं नाही. पैसे वाचले, आणि आता ती वर्तमानपत्रातल्या औषधांच्या बातम्यांनाही तोच प्रश्न विचारते.

हा विषय घेऊ पाहणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं सांगणं एवढंच: शाखा कोणतीही असो, गणिताला भिऊ नका, आणि आपल्या लोकांचे, आपल्या भाषांचे प्रश्न घेऊन या, ते अजून फार कमी जणांनी घेतले आहेत. आणि तुमच्या शहरात एखादी प्रयोगशाळा सहभागी शोधत असेल, तर इतर वाचकहो, जरूर जा. तुम्ही साठीचे असाल, डावखुरे असाल, केसांना तेल लावत असाल, शाळा अर्धवट सुटली असेल, तर आवर्जून जा. संमतिपत्र पूर्ण वाचा, प्रयोग कशासाठी आहे आणि तुलना कशाशी करणार हे विचारा. समाधान झालं नाही तर सही करू नका.